नियम पाठ आहेत, शेजारी ओळखीचा नाही

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ शाळेत विज्ञान शिकवतात. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या अंगाला, विणकरांचा पूर्व भाग संपत येतो तिथे, त्यांनी दीड वर्षापूर्वी जुनं बैठं घर विकत घेतलं. शेजाऱ्याचे टॉवेलचे चार माग सामायिक भिंतीला लागून आहेत आणि ते रात्री उशिरापर्यंत चालतात. नळाच्या दिवशी शेजाऱ्याची मोटर सुरू झाली की ह्यांच्या नळाची धार करंगळीएवढी होते. घरात आई अंथरुणाला खिळलेल्या. सरांनी आवाजाचे नियम वाचले, मोबाइलवर आवाज मोजला, नियमांचा छापील उतारा नेऊन शेजाऱ्याच्या हातात दिला, पुढे आणखी दोनदा समजावलं. आता शेजारी बोलत नाही आणि माग पहाटेही सुरू होतात. सर विचारतात, ‘बाजू माझी बरोबर, माहितीही माझ्याकडे. वडीलधारे म्हणतात नमतं घ्या. नमतं घेतलं तर तो डोक्यावर बसेल. शेजार सांभाळायला नेमकं काय लागतं, ज्ञान की नम्रता?’

मी सोलापुरात दिवाणी वकिली करतो आणि बरीच वर्षं मध्यस्थ म्हणूनही बसतो. भिंत, पन्हाळ, खिडकी, बोळ, नळ, कुत्रं, पार्किंग, जिन्यातल्या चपला ह्यांवरून आलेली माणसं रोज समोर असतात. त्या अनुभवावरून सांगतो.

सर, तुमच्या लांबलचक मजकुरात डेसिबल चार वेळा आलं आहे. शेजाऱ्याबद्दल एकच वाक्य आहे: ‘ते तेलुगू आहेत.’ त्यांचं नाव नाही. माग त्यांचे स्वतःचे की भाड्याच्या शेडमधले, रात्री ते स्वतः उभे राहतात की कामगार, सूत त्यांचं की व्यापाऱ्याचं, घरात म्हातारं कोण, लेकरं किती, ह्यातलं काही नाही. दीड वर्ष एका भिंतीला पाठ लावून राहिल्यावर एवढं तरी कळायला हवं होतं. हेही ज्ञानच आहे, आणि शेजाराच्या बाबतीत ते नियमांच्या आधी लागतं. अडचण एवढीच की ते छापील मिळत नाही. ते त्या माणसालाच विचारावं लागतं. विचारायला जाताना ‘ह्या बाबतीत मला कमी कळतं, ह्याला जास्त कळतं’ हे मनातून मान्य असावं लागतं. माझ्या लेखी नम्रता ती एवढीच. हात जोडणं, पड खाणं, सहन करणं ह्याच्याशी तिचा संबंध नाही.

आता तुमच्या नियमांकडेच बघू, कारण तिथेही थोडं राहून गेलं आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम तुम्ही बरोबर शोधले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, हेही बरोबर. पण त्याच तक्त्यात व्यापारी भागाला ६५ आणि ५५, औद्योगिक भागाला ७५ आणि ७० आहे. तक्त्याखाली टीप आहे की मिश्र वस्ती कोणत्या वर्गात धरायची ते सक्षम अधिकाऱ्याने ठरवायचं. पूर्व भागात खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तुमची गल्ली कागदावर कशात मोडते, हे तुम्ही तपासलेलं नाही. सातव्या नियमात तक्रारीसाठी मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज हवा असं म्हटलं आहे, नाहीतर रात्रीच्या निर्बंधांचा भंग हवा. तुमच्या मोबाइलने ५२ दाखवले. मोबाइलचं ॲप अंदाजापुरतं ठीक, पुरावा म्हणून त्याला फारसं वजन नाही. म्हणजे ज्या कागदावर बोट ठेवून तुम्ही ‘हे बघा, गुन्हा आहे’ म्हणालात, तो कागद नीट वाचणारा वकील त्यांना भेटला तर तुमची पंचाईत होईल.

गंमत अशी की तुमचा त्रास मात्र खरा आहे, आणि तो त्या आकड्यात नीट येतच नाही. शिक्षकच आहात, चटकन पटेल. आवाज मोजताना जी ‘ए’ मोजपट्टी वापरतात ती माणसाच्या कानाला बेतलेली असते, त्यामुळे जड, खालच्या पट्टीचे दणके ती कमी मोजते. साध्या मागावर धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारं शटल, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो. प्रत्येक फेकीला धोट्याला ढकलणाऱ्या पिकरचा ठोका, प्रत्येक धाग्यामागे फणीचा ठोका. माग जमिनीत बोल्टने आवळलेला असतो. ते ठोके फरशीतून पायात, पायातून भिंतीत आणि भिंतीतून तुमच्या आईंच्या पलंगात येतात. कानाला ऐकू येतं त्याहून जास्त अंगाला लागतं. खिडकी लावली, कानात कापूस घातला तरी फरक पडत नाही तो ह्यामुळे. तेव्हा आवाज किती ह्यापेक्षा दणका कुठून कसा येतो हा प्रश्न उपयोगाचा. आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही, त्या मागवाल्याकडे आहे.

अशाच एका जोडीची हकिकत सांगतो, ओळख पटणार नाही इतपत बदलून. एकीकडे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, दुसरीकडे टॉवेलवाले. माझ्यापुढे आले तेव्हा तक्रारींचा गठ्ठा दोन्हीकडे होता. मी दोघांना एकच अट घातली. दोघांनी रात्री एकमेकांच्या घरी अर्धा तास बसायचं, बोललं नाही तरी चालेल. टॉवेलवाले बँकवाल्यांच्या निजायच्या खोलीत गेले. त्यांच्या मुलाने तिकडे माग सुरू केले. स्टुलावर स्टीलचा तांब्या होता, त्यावर फुलपात्र पालथं घातलेलं. ते किणकिणायला लागलं. त्या माणसाने आधी तांब्याकडे बघितलं, मग भिंतीला तळहात लावला, मग खाली बसून फरशीला लावला. भिंतीच्या एका ठिकाणी हात ठेवून म्हणाला, ‘हा तीन नंबरचा माग. ह्याचा बफर गेलाय. आमच्या बाजूला सगळे एकदम चालतात, त्यात कळत नाही ओ.’ बँकवाले इतकी वर्षं ‘मुद्दाम करतात’ म्हणत होते. मागाच्या शेडमध्ये जो उभा असतो त्याला पलीकडे काय पोचतं हे कळायला मार्ग नसतो, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मग बँकवाले शेडमध्ये गेले. तिथे त्यांना काय कळलं? तिथला कामगार नगावर मजुरी घेतो. दिवसा दोन तास वीज गेली की तेवढे टॉवेल त्याच्या खिशातून जातात, म्हणून तो रात्री भरून काढतो. सूत व्यापाऱ्याचं होतं, माल द्यायची तारीख व्यापाऱ्याची. मालक म्हणवणाऱ्याच्या हातात रात्रीचे माग बंद ठेवणं पूर्णपणे नव्हतंच. बँकवाल्यांनी बाहेर येऊन मला एवढंच विचारलं, ‘चारही बंद करायला नको, भिंतीकडचे दोन केले तर?’ तोडगा तिथेच निघाला होता, माझं काम फक्त लिहून घ्यायचं. जॉबरला, म्हणजे मागाच्या मिस्त्रीला, बोलावून तीन नंबर दुरुस्त केला. भिंतीला टेकलेली लाकडी फळी आणि शाफ्टचा आधार भिंतीपासून सोडवला. मागांच्या पायाखाली जाड रबराचे पॅड घातले, खर्च निम्मा निम्मा. रात्री दहानंतर भिंतीकडचे दोन बंद, लांबचे दोन चालू. दिवाळीआधीच्या हंगामात तीन आठवडे सूट, पण आदल्या दिवशी सांगून. बँकवाल्यांनी पलंग भिंतीपासून हातभर पुढे घेतला. ही शेवटची गोष्ट कोणीही पहिल्या दिवशी करू शकलं असतं, पण भांडणात असलेला माणूस स्वतःचा पलंग हलवत नाही. त्याला ती हार वाटते.

ह्यात कोणी कोणाला शरण गेलं नाही. दोघांनी दुसऱ्याला कळतं ते ऐकून घेतलं. तुम्ही छापील उतारा घेऊन गेलात तेव्हा त्यांना काय ऐकू आलं असेल, ह्याचा विचार करा. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून त्या गल्लीत माग आहेत. सोलापुरी चादर आणि टॉवेल ह्यांना भौगोलिक मानांकन आहे, बाहेरगावचा पाहुणा आला की आपण अभिमानाने तोच टॉवेल बांधून देतो, आणि तो विणणाऱ्याला दाराशी उभं राहून ‘तुमचा धंदा बेकायदा आहे’ म्हणतो. वर तुम्ही शिक्षक. शिकलेल्या माणसाने दारात येऊन कागद वाचून दाखवला की समोरच्याला तो शाळेत उभं केल्यासारखं वाटतं. माहिती खरी असली तरी तिला चढेलपणाचा वास येतो, आणि माणूस त्या वासाला उत्तर देतो, माहितीला नाही. पहाटेचे माग हे ते उत्तर आहे.

नळाचं लवकर उरकतो. आपल्याकडे उजनीचं पाणी शंभरएक किलोमीटरवरून येतं आणि रोज येत नाही. त्यामुळे नळाच्या दिवशी सगळ्या गल्लीच्या अंगात येतं, हे काही नवीन नाही. शेजाऱ्याने नळाला थेट मोटर लावली असेल तर ते चूकच. महापालिका अशा मोटरी जप्त करते. थेट मोटर लाइनमधून पाणी ओढते, पुढच्या घरांचा दाब जातो, आणि जलवाहिनीला कुठे गळती असेल तर तिथून गटाराचं पाणीही आत खेचलं जाऊ शकतं. म्हणजे नुकसान मोटरवाल्याच्या हंड्यातही येतं. हे सांगण्यासारखं आहे. पण आधी खात्री करा. नळाचं पाणी हौदात पडतं आणि मोटर हौदातून टाकीत चढवते, अशी सोय असेल तर त्यात काहीच गैर नाही. आवाज दोन्हींचा सारखाच. नळाचं पाणी गेल्यावरही मोटर चालू राहत असेल तर ती बहुधा हौदावरची आहे. मग तुमची धार बारीक होण्याचं कारण भलतंच निघेल. तुमचं कनेक्शन उंचावर असेल, लाइनच्या शेवटी असेल, किंवा जुन्या लोखंडी पाइपात गंज साठला असेल. प्लंबरला दाखवून मग बोला. अर्धवट माहितीवर केलेला आरोप खोटा निघाला की पुढचा खरा आरोपही कोणी ऐकत नाही.

आता दुसरी बाजू. तुम्हाला भीती आहे की नमतं घेतलं तर डोक्यावर बसतील. ही भीती अगदीच निराधार नाही. नुसती नम्रता, हातात काही माहिती नसलेली, मी पुष्कळ पाहिली आहे आणि तिचे हाल होतात. जुन्या पेठेतल्या एका वाड्यात एक बाई एकट्या राहायच्या. शेजारच्या छपराचं पन्हाळ त्यांच्या परसात पडायचं. त्या काही बोलल्या नाहीत. पावसाळ्यात खाली बादली ठेवायच्या, ‘तेवढंच झाडांना पाणी’ म्हणायच्या. त्यांच्या पश्चात मुलाने परसात खोली काढायची ठरवली तर शेजाऱ्यांची नोटीस: आमचं पाणी इथे पडण्याचा हक्क आहे.

सुविधाधिकाराचा कायदा १८८२ चा आहे, पण आजही रोज लागतो. त्याच्या पंधराव्या कलमात म्हटलं आहे की उजेड, हवा किंवा अशी एखादी सोय कोणी २० वर्षं शांतपणे, अखंड, हक्क म्हणून उपभोगली तर तो हक्कच होतो. बाईंचा चांगुलपणा कायद्याच्या भाषेत शेजाऱ्याचा हक्क होऊन बसला होता. पण त्याच कायद्यात एक साधी वाट आहे. सोय परवानगीने दिली असेल तर ती हक्क म्हणून केलेली वहिवाट धरत नाहीत. बाईंनी एखाद्या वर्षी साध्या कागदावर ‘तुमच्या छपराचं पाणी माझ्या जागेत माझ्या परवानगीने पडतं, तूर्त माझी हरकत नाही’ एवढं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या असत्या, तर बादलीही राहिली असती आणि मुलाची खोलीही झाली असती. मी माझ्या पक्षकारांना सांगतो, शेजाऱ्याला मोकळ्या हाताने द्या, पण दिलेलं लिहून ठेवा. एक सावधगिरी: परवानगीच्या जोरावर त्याला पक्कं बांधकाम करू देऊ नका. कायमचं काम करून त्यावर खर्च केला असेल तर परवानगी काढून घेणं अवघड होतं, साठावं कलम तसं सांगतं.

लिहून घेणं म्हणजे अविश्वास, असं आपल्याकडे फार जणांना वाटतं. मला उलट अनुभव आहे. ज्या घरांमध्ये असा एक पिवळा पडलेला कागद सापडतो, तिथली पुढची पिढी भांडत नाही, कारण आजोबा काय बोलले होते ह्यावर वाद घालायला जागा राहत नाही.

ह्याच कायद्याच्या अठराव्या कलमात मला आवडणारी एक गोष्ट आहे. रूढीने मिळणाऱ्या हक्कांचं उदाहरण देताना कायदा म्हणतो की एखाद्या गावाची तशी रूढी असेल, तर शेजाऱ्याच्या घरात जो भाग सहसा बाहेरच्याच्या नजरेला पडत नाही तो दिसेल अशी नवी खिडकी उघडता येत नाही. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनाही गावाची रीत विचारून घ्यावी लागली होती. तुम्हीआम्ही नव्या गल्लीत राहायला जाताना तेवढंही विचारत नाही. सोलापुरात तर विचारण्यासारखं फार आहे. एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही बोलल्या जातात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो तेव्हा कोणत्या रस्त्यावर गाडी लावायची नाही, नवरात्रात बतुकम्मा खेळायला बायका कुठे जमतात, संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत नंदीध्वज कुठून जातात, रमजानात पहाटे कोणत्या घरात दिवा लागतो, हे माहीत असलेल्या माणसाला निम्म्या भांडणांतून सुटका मिळते. विडी वळणाऱ्या बाईच्या ओट्यावरून तंबाखूचा ठसका येतो म्हणून एकजण माझ्याकडे आले होते. त्या बाई हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय उठत नाहीत आणि कारखान्याची वेळ ठरलेली असते, हे त्यांना मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. बाईंनी सूप घेऊन बसायची जागा दाराकडून परसाकडे नेली. त्यांना कोणी आधी नीट विचारलंच नव्हतं, एवढंच त्या म्हणाल्या.

सिद्धेश्वर तलावाशी आपली सगळ्यांची ये-जा असते म्हणून आठवलं. बाराव्या शतकात सिद्धरामांनी, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांनी, भक्तांना घेऊन तो तलाव खोदला. परंपरेत कथा आहे की शरण संत अल्लमप्रभू इथे आले आणि ‘तो माती उपसणारा सिद्धराम कुठे आहे’ असं त्यांनी विचारलं. शिष्य दगड घेऊन धावले. सिद्धरामांनी मात्र वाद सोडून त्यांचं ऐकलं, त्यांच्याबरोबर कर्नाटकातल्या कल्याणला गेले आणि तिथे चेन्नबसवण्णांकडून दीक्षा घेतली. गावासाठी एवढं मोठं काम केलेला माणूस, आणि मला अजून शिकायचं आहे म्हणून निघाला. दगड उचलणारे शिष्य प्रत्येक वादात असतात, हा माझा रोजचा अनुभव. बहुतेक वेळा ते मेहुणे असतात.

म्हणून पहिला सल्ला: जाताना एकटे जा, मेहुण्याला नेऊ नका. व्हॉट्सॲपच्या गल्लीच्या ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. चार लोकांत काढलेली चूक माणूस मान्य करत नाही, केली तर सूड धरतो. मोबाइलवर चित्रीकरण करत जाऊ नका. रात्री माग चालू असताना जाऊ नका, त्या वेळी तुमचंही डोकं तापलेलं असतं आणि त्यांनाही ठोक्यात ऐकू येत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळेला जा. माग बंद असतील तेव्हा. ‘अण्णा’ म्हणा. त्यांच्या घरातल्या बाईंना ‘अक्का’. तुम्हाला तेलुगू येत नसेल तर तसं सांगा, ते हसतील आणि दोन शब्द शिकवतील, त्यात काही बिघडत नाही.

आणि तक्रारीने सुरुवात करू नका. सरळ कबुली द्या की मागे आलो तेव्हा मी कागद दाखवला, तुमचं काही विचारलं नाही. मग विचारा. माग कोण चालवतो, रात्री का लागतो, कधी मोकळीक असते. खरंच ऐका, मनात उत्तर जुळवत बसू नका. मागाबद्दल विचारा, धंदा करणाऱ्या माणसाला आपलं यंत्र समजावून सांगायला आवडतं. मगच आईंचं सांगा. माझा अंदाज आहे की तुमची आई अंथरुणाला आहे हे त्यांना माहीतही नसेल, कारण तुमच्या छापील उताऱ्यात ते कुठेच नव्हतं. त्यांना घरी बोलवा. खोलीत बसवा. भिंतीला हात लावू द्या.

मागणी एकच करा आणि ती त्यांना पाळता येण्यासारखी असू द्या. ‘रात्री माग बंद’ ही मागणी नाकारणं सोपं आहे. ‘भिंतीकडचा माग दहानंतर बंद आणि पायाखाली रबर’ ही नाकारायला कारण शोधावं लागतं. रबराचा निम्मा खर्च तुम्ही करायची तयारी दाखवा. कायद्याने तुम्ही देणं लागत नाही हे मला माहीत आहे. कोर्टाच्या पहिल्या दोन तारखांना ह्याहून जास्त जातात.

काही बाबतींत ह्यातलं काहीही लागू नाही. शिवीगाळ, अंगावर धावून येणं, बायकांची छेड, जातीवरून अपमान, मुलांना धमकी. तिथे चहाबिहा नाही, ११२ ला फोन आणि पोलीस ठाणं. शेजारी म्हणून गप्प बसलात तर तो चांगुलपणा नव्हे.

पण नुसत्या कुरबुरीसाठी पोलिसांत धाव घेण्याआधी तिथे काय होतं ते माहीत असू द्या. बहुतेक वेळा अदखलपात्र नोंद होते. प्रकरण तापलं तर दोन्ही बाजूंवर चॅप्टर केस होते, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०७, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १२६. कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे शांतता राखण्याचं बंधपत्र द्यायला दोघेही उभे. ज्या शिक्षकाने आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी चढली नाही, तो तिथे शेजाऱ्याच्या शेजारीच बाकावर बसलेला मी पाहिला आहे. तिथेही त्यांना एकमेकांशी बोलायला कोणी सांगितलं नव्हतं.

शेजाऱ्यांनी दार उघडलंच नाही, किंवा सगळं ऐकून ‘जमत नाही’ म्हणाले, तर पुढची पायरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची. १९८७ च्या कायद्याने ही व्यवस्था झाली. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय आहे. दावा दाखल करण्याआधीही तिथे साधा अर्ज करता येतो, ते समोरच्याला बोलावतात. अर्ज स्वतः लिहा, मराठीत, एका पानात. त्यात ‘बेकायदा’, ‘मुजोर’, ‘जाणूनबुजून’ हे शब्द घालू नका. तो अर्ज शेजाऱ्याच्या हातात पडणार आहे. काय त्रास होतो, कधी होतो, तुम्ही काय सुचवलं आणि निम्मा खर्च द्यायला तयार होतात, एवढंच लिहा. मध्यस्थापुढे बोललेलं गुप्त राहतं, पुढे कोर्टात कोणाविरुद्ध वापरता येत नाही, त्यामुळे तिथे मोकळं बोलायला हरकत नाही. लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात गल्ली-मोहल्ल्यातल्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीची वेगळी तरतूद केली आहे. तिथे तीन मध्यस्थांचं मंडळ, आणि दोन्ही पक्षांची आधी संमती हवी. त्यातली तडजोड मात्र हुकूमनाम्यासारखी बजावून घेता येत नाही, ती दोघांच्या शब्दावर चालते. काही वकिलांना ही त्रुटी वाटते. मला वाटत नाही. शेजारी रोज रात्री पाळायचा शब्द कोणत्याही बेलिफाकडून बजावून घेता येत नाही.

मध्यस्थीला येताना घराचा आणि सामायिक भिंतीचा साधा नकाशा काढून आणा. माग कुठे, पलंग कुठे, खिडक्या कुठे, भिंतीची जाडी किती. विज्ञानाचे शिक्षक आहात, तुमचा नकाशा माझ्यापेक्षा चांगला निघेल. आठवडाभर कोणत्या वेळी किती दणका बसतो ह्याची वहीत नोंद ठेवा, आकड्यांऐवजी साध्या शब्दांत: आई जागी झाली, भांडी वाजली, शांत होतं. आईंच्या औषधोपचाराचा एखादा कागद जवळ ठेवा. आणि अण्णांना आधी सांगून या की मी तिकडे अर्ज देतोय, तुम्हीही तुमचं म्हणणं घेऊन या. नोटीस पोस्टाने पहिल्यांदा हातात पडली की माणूस वकील शोधायला निघतो. तोंडी कळवलेलं असेल तर निदान तारखेला रिक्षा दोघांना एकच करता येते.